कामकाजातून वगळा

माझ्या यंत्राला बावीसच कळा.
अक्षरं एकेक दाबायची नसतात,
पेटीवर सूर धरावेत तसा अख्खा शब्द धरायचा.
‘बळी’ला माझा एक ठोका पुरतो.
सव्वीस वर्षांत तो इतक्यांदा मारलाय
की बोटं मला विचारत नाहीत.

सोमवारी ज्युरी आत यायच्या आधी
न्यायाधीश हॉगन बाईंनी तो बंद केला.
निकाल लागेपर्यंत या दालनात कुणी बळी नाही, म्हणाल्या,
खून नाही, खुनी नाही.
‘गुन्ह्याची जागा’ नाही, बारच्या मागचं वाहनतळ.
हत्यार नाही, चाकू. मासे सोलायचा, सहा इंची.
सरकारी वकील उठले:
मग मेलेल्या मुलाला म्हणायचं तरी काय?
नाव आहे ना त्याला, ते घ्या.
आणि मान वळवून बचावाच्या वकिलांना:
तुम्हीसुद्धा. दारुडा नको, गुंड नको,
वाया गेलेलं कार्टं नको.

बाहेर सुपिरियर सरोवर धक्क्यापासून मैलभर गोठलेलं.
रेडिएटर मध्येच ठणकायचा,
त्याची नोंद घेत नाहीत.

बुधवारी मेव्हिस ट्रुडेल साक्षीला उभी राहिली.
शपथेचा हात खाली घ्यायला विसरली.
‘ज्या रात्री माझ्या मुलाचा’
आणि थांबली. वकिलांकडे पाहिलं.
‘ज्या रात्री माझ्या मुलाला’
पुन्हा थांबली.
प्रत्यय लोंबकळत राहिले,
पुढे धरायला शब्दच नव्हता.
तुटलेल्या वाक्यापुढे आमच्यात दोन रेघा मारतात.
मी मारल्या. पुन्हा मारल्या.

वाईट वाटलं. वाटणारच.
पण माझ्या भावाच्या खटल्यात यंत्रावर दुसरी कुणी होती.
उतारा मी नंतर विकत आणला, पानाला तीन डॉलर,
आणि स्वयंपाकघरात बसून पेन्सिलने मोजलं:
‘श्वापद’ एकोणीस वेळा.
‘आरोपी’ दोनदा.
‘आर्व्हिड’ एकदाही नाही.
त्याने केलं नव्हतं असं मी म्हणत नाही.
बारा माणसं नऊ दिवस त्याच्यासमोर बसली
आणि त्यांना तो दिसला नाही, एवढंच.

आज समोर ओवेन सावेला बसलाय,
कोट कुणाचा तरी, बाह्या अंगठ्यापर्यंत.
नखं खातो.
हॉगन बाईंना माझा भाऊ ठाऊक नाही.
मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

मेव्हिसने पाणी मागितलं. प्यायली नाही.
‘ज्या रात्री डेन्टन घरी आला नाही,’ म्हणाली,
‘तेव्हापासून त्याच्या फोनचं बिल मी भरते.
फोन केला की तो सांगतो,
मी आत्ता नाहीये, निरोप ठेवा.
मी नाही ठेवत. नुसती ऐकते.’

हरकत.
मान्य.
ज्युरीने हे विचारात घेऊ नये, कामकाजातून वगळावं.
बाईंचा आवाज तेव्हा जरा घोगरा होता,
पण घोगरेपणाला माझ्याकडे कळ नाही.

लोकांना वाटतं, वगळलं म्हणजे खोडलं.
तसं नसतं.
वगळलेलं मी लिहिते, ‘वगळा’ हेही लिहिते,
एकाखाली एक.

ज्युरी आत विचाराला बसली त्याला आता सात तास झाले.
कॉफीच्या मशीनपाशी ती माझ्या शेजारी येऊन उभी.
आम्ही कुणाशी बोलायचं नसतं.
‘ते फोनचं,’ ती म्हणाली, ‘तुमच्या कागदात
राहिलं का हो?’

पान चारशे सहा, मी म्हणाले.

ओठांनी तो आकडा ती दोनदा बोलली.
मशीनमधून तिची सुटी नाणी खणकन खाली आली.
ती तशीच टाकून
पेला दोन्ही हातांत धरून ती गेली,
दारापाशी ओवेनची आई बसली होती त्या बाकाच्या
दुसऱ्या टोकाला.